उतारासाठी जागा

भंडारवाड्याच्या टेकडीवर राहणाऱ्या माणसाने
मोटर निवडताना आधी घराकडे बघावं.
खाली काय, कुणीही जातं.
लॅबमध्ये रात्रभर दुसऱ्यांचं रक्त फिरवून झाल्यावर
सकाळी सातला हा चढ
पोटऱ्यांना विचारतो : बोला, आज किती?

म्हणून मी लॅमिंग्टन रोडला उभी,
दोन तळहातांवर दोन मोटरी.
एक चाकाच्या पोटातच बसणारी,
ना पट्टा, ना पुली, ना आवाज.
देखणी होती. पण तिच्यावरची कातडी पातळ,
आणि आमच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉकचे दात.
दुसरी उघडी, जड, बाहेरून फिरणारी,
एका व्होल्टमागे एकशे चाळीस फेरे.
दुकानदार म्हणाला, ताई, एकशे नव्वदवाली न्या, उडते.
उडायचंय कुणाला!
मला ओढणारी द्या.

सावियोने लेथवर पुली कातून दिली.
पंधरा दाते मोटरला, चाळीस चाकाला.
म्हणजे मोटरने जवळजवळ पावणेतीन गिरक्या घ्यायच्या
तेव्हा चाक एकदा हलणार.
आमच्या सोसायटीची कमिटी, तो म्हणाला,
आणि पैसे घेतले नाहीत,
फक्त वडिलांची शुगर घरी येऊन बघ म्हणाला.

आईने फळी पाहिली. सात थरांची, मधे किंचित वाकलेली.
"पाटावर बसतात गं. पळवत नाहीत."

दारूखान्यावरून पहिली फेरी मारली
तर मोटरला दाढी आली.
रस्त्यावर सांडलेला लोखंडाचा कीस
चुंबकांनी वेचून वेचून घेतला होता,
भंगारवाल्यांच्या पोरांनीही इतका वेचला नसता.
टूथब्रशने तासभर घासलं.
मग आईच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचं झाकण
चार स्क्रूंनी तिच्या तोंडावर बसवलं.
डबा अजून ओट्यावर आहे, उघडा,
त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नाही.

सेल मुनव्वरचाचांकडचे, जुन्या लॅपटॉपांतले.
साठ आणले. प्रत्येकावर नंबर, तारीख, सही :
हात लॅबचा, त्याला दुसरं काही येत नाही.
भरले, रिकामे केले, पुन्हा भरले,
आठवडाभर कपाटात साड्यांखाली ठेवून पाहिलं
कोण गुपचूप गळतो ते.
एकोणचाळीस जुळले.
एकवीस नंबर दिसायला सगळ्यांत ताजा,
सोमवारी चार पूर्णांक एक, शनिवारी साडेतीन.
असले रिपोर्ट मी रोज पाहते.
तरी त्याला बाजूला काढताना
क्षणभर नंबर पुन्हा वाचला.
चाळिसावा नवा घेतला, पूर्ण किमतीला.
दहा ओळी, ओळीत चौघे खांद्याला खांदा,
निकेलच्या पट्ट्या, निळं वेष्टन. सगळं मिळून दोन किलो,
माझ्या जन्माच्या वजनापेक्षा थोडंसं जास्त.

शुक्रवारी रात्री बॅटरी काठोकाठ भरून
ऐटीत निघाले.
वळणावर ब्रेक दाबला.
धरला, आणि सुटला.
मग मी, फळी आणि एक भाजीची हातगाडी,
तिघं क्रॉसपर्यंत एकत्र गेलो.
दुधी भोपळ्याने वाचवलं.

कोपराला टिंक्चर लावताना कळलं :
ब्रेक दाबला की मोटर उलटी होते,
उताराची वीज करून बॅटरीत परत घालते.
आणि बॅटरीत तर कणभर जागा नव्हती.
ती नाही म्हणाली, एवढंच.
मोटर, पट्टा, सेल, सगळं मोजलं होतं मी,
आपण डोंगरावरून सुरुवात करतो
हे तेवढं मोजलं नव्हतं.

आता पंच्याऐंशी टक्क्यांवर प्लग काढते.
आई विचारते, पूर्ण का नाही भरत?
खाली उतार आहे, मी सांगते,
त्याच्यासाठी थोडी जागा ठेवायची.
ती मान डोलावते, पटल्यासारखी.

त्या दिवसापासून माझ्या डब्यात एक पोळी कमी असते.
सकाळी चढ चढताना भूक लागते
हे तिला सांगायचं राहिलंय.